दुचाकीची लाकडी पेटी: कुठे आवळायची, कुठे सैल सोडायची

मोटरसायकलच्या बाजूला लावायची लाकडी पेटी ही दिसायला साधी वस्तू आहे. सहा फळ्या, दोन बिजागऱ्या आणि एक कडी. माळ्यावर तीन पिढ्या टिकलेली भांड्यांची पेटी ज्या कसबाने घडली, त्याच कसबाने तशीच पेटी दुचाकीसाठी केली, तर मात्र ती लवकरच कुरकुरू लागते. कोपरे उघडतात, तळाच्या फळीला चीर जाते, पावसाळ्यात झाकण अडकते आणि उन्हाळ्यात खडखडते. लाकूड तेच, सुतारही तोच. मग बिघडते कुठे?

पहिला संशय वजनावर जातो, पण बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतो. गाडीवरच्या पेटीत दोन हालचाली एकाच वेळी चालू असतात. लाकूड हवेतल्या ओलाव्याने स्वतःहून फुगते आणि आकसते, तर इंजिन आणि रस्ता त्याला सतत हादरवत असतात. पहिल्या हालचालीला वाट द्यावी लागते आणि दुसरीला अटकाव करावा लागतो. माळ्यावरच्या पेटीचा संबंध फक्त पहिलीशी येतो, तोही संथपणे. पेटी बनवणाऱ्याचे खरे काम कुठे आवळायचे आणि कुठे सैल सोडायचे हे ठरवण्याचे आहे.

लाकूडच का?

पत्रा किंवा ॲल्युमिनियम सहज मिळत असताना लाकडाकडे वळण्याचे कारण केवळ देखणेपणा नाही. एखादी फळी वाकायला किती विरोध करते, हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. लाकूड हलके असल्याने तेवढ्याच वजनात ते कितीतरी जाड वापरता येते. दीड मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरते. ६ मिलिमीटरच्या प्लायवुडचेही जवळपास तेवढेच भरते. धातू म्हणून ॲल्युमिनियम लाकडापेक्षा दहापट कडक आहे, पण प्लाय चौपट जाड असल्याने जाडीच्या घनाचा हिशेब चौसष्ट पटींवर जातो. परिणामी त्याच वजनाची प्लायची बाजू पत्र्यापेक्षा पाच-सहा पट ताठ राहते. पातळ पत्र्याला म्हणूनच कडा वळवून किंवा मध्ये पन्हाळी पाडून ताठ करावे लागते. शिवाय लाकूड कंप शोषून घेते, त्यामुळे मोकळ्या पत्र्याचा डबा जसा वाजतो तशी लाकडी पेटी वाजत नाही.

तोटेही आहेत. धारदार दगडाचा फटका बसला तर पत्र्याला पोचा पडतो, लाकडाला भेग जाते. आणि पत्र्याला पाणी फक्त गंजवते, तर लाकडाचा आकारच बदलते.

एकाच जिल्ह्यातले दोन ऋतू

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या सूक्ष्म नळ्यांचा जुडगा. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणली की त्याचा स्वभाव कळतो. पेंढी आडवी मोडणे कठीण, पण ताटांच्या मधून उभी फाकवणे सोपे. पेंढी भिजली तर ती रुंदीला फुगते, लांबीला वाढत नाही. लाकडाचेही तसेच होते. ओलावा नळ्यांच्या भिंतींत शिरतो, भिंती जाड होतात आणि फळी तिच्यावर दिसणाऱ्या नळ्यांच्या रेषांच्या आडव्या दिशेने वाढते. रेषांच्या दिशेने होणारा बदल इतका थोडा असतो की सुतार तो हिशेबात धरत नाही.

आडव्या दिशेचा बदल मात्र धरावाच लागतो. सागवान हे कमी हलणारे लाकूड मानले जाते. तरी त्याची ३५ सेंटिमीटर रुंदीची फळी ८ टक्के ओलाव्यावरून १४ टक्क्यांवर गेली, तर कापाच्या दिशेप्रमाणे ती दोन ते चार मिलिमीटर वाढू शकते. कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत एवढा फरक सहज पडतो.

नगर म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा. महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा अशा पेटीची चांगलीच परीक्षा घेतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड हा भाग पर्जन्यछायेतला, तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधानी असतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात घाटघर आणि रतनवाडी या गावांत काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जुलैत नगरहून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे भंडारदऱ्याला निघालेली दुचाकी एका दिवसात कोरड्या माळावरून धुक्यात आणि संततधारेत शिरते. झाकण नगरला अगदी घट्ट, एक केसही न शिरेल असे बसवले असेल, तर तिकडे चार दिवसांचा मुक्काम झाल्यावर ते उघडताना हिसका मारावा लागतो.

ही गोष्ट इथल्या सुतारांना नवी नव्हती. बैलगाडीचे लाकडी चाक उन्हाळ्यात आकसून सैल व्हायचे, तेव्हा शेतकरी ते नदीत किंवा डबक्यात भिजत ठेवत. लाकूड फुगले की आरे तुंब्यात पुन्हा घट्ट बसत. चाकावर लोखंडी धाव चढवताना याच्या उलट युक्ती वापरली जाई. धाव लालबुंद तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे, म्हणजे ती आकसून चाकाला करकचून धरते. लाकूड आणि लोखंड कधी फुगतात नि कधी आकसतात, हे गाड्या घडवणाऱ्या सुतार-लोहारांनी पुस्तकाशिवाय ओळखले होते.

फळी कुठली घ्यावी

या हालचालीवरचा सर्वांत सोपा उपाय प्लायवुड हा आहे. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एक पापुद्रा रुंदीला वाढू पाहतो, तेव्हा शेजारचा आडवा पापुद्रा त्याला धरून ठेवतो. म्हणून प्लाय जवळजवळ हलत नाही आणि कुठल्याही एका दिशेने फाटतही नाही. खरेदी करताना भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक आहे, त्यातला गोंद उकळत्या पाण्यातही टिकेल अशा दर्जाचा असतो. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. त्यातली नुसती ओलाव्याला तोंड देणारी प्रत घरातल्या कपाटाला ठीक, दुचाकीला नाही.

सगळी पेटी प्लायची करावी असे मात्र नाही. प्लायच्या कडेत स्क्रू नीट पकड घेत नाही, कारण तो पापुद्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना फाकवतो. म्हणून बाजू प्लायच्या आणि कोपऱ्यांतल्या आतल्या दांड्या भरीव लाकडाच्या, हा मेळ चांगला बसतो. दांड्यांसाठी सागवान उत्तम. त्यात नैसर्गिक तेल असल्याने ते पाण्याला दाद देत नाही, पण त्याच तेलामुळे गोंदही नीट धरत नाही. चिकटवण्याआधी तो भाग थिनरच्या फडक्याने पुसून घेतला की काम भागते. मुळा-प्रवरेच्या काठी भरपूर दिसणारी बाभूळ चिवट असते. गाडीच्या चाकासाठी, औतासाठी ती पिढ्यानपिढ्या वापरली गेली. पण ती जड आहे आणि नीट वाळवली नाही तर पिळते, तेव्हा पूर्ण पेटीला नव्हे, फार तर मूठ आणि ठोकर लागणाऱ्या कोपऱ्यांना ती वापरावी.

> चौकट: एका पेटीचा हिशेब
>
> बाहेरचे माप ४० × ३५ × २२ सेंटिमीटर धरले, तर सहा बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ०.६१ चौरस मीटर होते. ९ मिलिमीटर प्लायची पेटी साधारण साडेतीन किलोची होते, १२ मिलिमीटरची पावणेपाच किलोची आणि घरातल्या कपाटाला वापरतात त्या १९ मिलिमीटर प्लायची तब्बल साडेसात किलोची. ९ मिलिमीटर प्लायच्या पेटीत आतली जागा सुमारे २५ लिटर मिळते. कोपऱ्यातल्या दांड्या, बिजागऱ्या आणि कड्यांचे वजन यात धरलेले नाही.

सांधे: खिळ्यावर भरवसा नको

३००० फेऱ्यांवर चालणारे एका सिलिंडरचे इंजिन सेकंदाला पन्नास हादरे देते. तासाभरात ते एक लाख ऐंशी हजार होतात. खिळा लाकडात टिकतो तो तंतूंच्या दाबामुळे. प्रत्येक हादऱ्याला तंतू किंचित दबतात, आणि वर लाकूड आकसले की ती पकड आणखी ढिली होते. मग खिळा हळूहळू वर येतो. फळीच्या आडव्या कापात, जिथे नळ्यांची तोंडे उघडी दिसतात, तिथे मारलेला खिळा किंवा स्क्रू तर फारच लवकर सुटतो, कारण तो तंतूंना छेदत नाही, त्यांच्यामधून घुसतो. साध्या पेट्यांत कोपरा नेमका याच कापात खिळे मारून जोडलेला असतो.

म्हणून कोपऱ्याचा सांधा लाकडातच अडकलेला हवा. डव्हटेल सांध्यात एका फळीचे दात टोकाकडे रुंद होत जातात आणि दुसऱ्या फळीच्या तशाच खाचांत बसतात. ओढ एका दिशेने आली तर दात बाहेर येऊच शकत नाहीत. सरळ दातांचा सांधा कापायला सोपा आणि त्यात गोंद लागायला जागाही भरपूर मिळते. चांगला गोंद हाताशी असेल तर पेटीला तो पुरतो. प्लायची पेटी असेल, तर आतल्या कोपऱ्यात सागवानी दांडी घेऊन दोन्ही बाजूंनी गोंद आणि स्क्रू, एवढे पुरे. गोंदात हात आखडू नये. साधा पांढरा गोंद ऊन आणि पाणी यांनी मऊ पडतो, आणि सतत ताण असेल तर सरकतोही. पाण्याला टिकणारा गोंद किंवा दोन नळ्यांतला इपॉक्सी इथे योग्य.

तळ भरीव फळीचा असेल तर तो चारी बाजूंनी चिकटवून टाकणे ही चूक सर्रास होते. फळीला रुंदीला वाढायचे असते, चौकट वाढू देत नाही, आणि मग दोघांपैकी कमकुवत असेल तो फुटतो. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकटीला आतून खाच पाडून मधली फळी त्यात कोरडी, बिनगोंदाची बसवलेली दिसते. पेटीच्या तळालाही तेच करावे आणि खाचेत दोन्ही अंगांना दोन-दोन मिलिमीटर मोकळे सोडावेत. प्लायच्या तळाला ही काळजी लागत नाही, तो बिनदिक्कत चिकटवावा.

वजन कुठे बसते

दुचाकीवर किती वजन आहे याइतकेच ते कुठे आहे हे महत्त्वाचे. मागच्या आसाच्या मागे टांगलेले ओझे पुढचे चाक उचलू पाहते. दोन चाकांतले अंतर १२५० मिलिमीटर असलेल्या गाडीवर २० किलोची पेटी मागच्या आसाच्या ४०० मिलिमीटर मागे लावली, तर पुढच्या चाकावरचा भार सुमारे साडेसहा किलोने कमी होतो आणि मागच्यावर सुमारे साडेसव्वीस किलो पडतात. पुढचा ब्रेक आणि हँडल ज्या चाकावर अवलंबून, तेच हलके होते. तीच पेटी आसाच्या थेट वर किंवा थोडी पुढे, पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, पायांजवळ बाजूला आणली, तर ही उचल उरत नाही.

नगरच्या कारखान्याशी नाव जोडलेल्या कायनेटिकच्या लुनाने हे गणित लोकांना न सांगता शिकवले. १९७२ मध्ये आलेल्या या मोपेडवर सीट आणि हँडल यांच्या मधे मोकळी जागा होती. पिठाची गोणी, चाऱ्याचा भारा, गॅसची टाकी तिथे ठेवली जाई. ओझे दोन चाकांच्या मधे आणि खाली, त्यामुळे पन्नास सीसीची ती गाडी जड ओझ्यानिशीही हाताबाहेर जात नसे.

जिल्ह्यातले दूधवालेही हेच जाणतात. संगमनेर, राहुरी, राहाता या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्राकडे निघालेल्या मोटरसायकलींच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगलेले दिसतात. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच ८२ किलोंहून जास्त. ते सीटवर न रचता खाली, चाकाच्या दोन्ही अंगांना अडकवलेले असतात. लाकडी पेट्यांची जागाही हीच.

डावी-उजवी बाजू तोलण्याची चिंता मात्र लोक जरा जास्तच करतात. मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटरवर एका बाजूला ५ किलो जास्त असले, तरी चालकासह दोनशे किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य सेंटिमीटरभरही सरकत नाही, आणि तोल साधायला एक अंशाहून कमी झुकाव पुरतो. खरा त्रास होतो तो आतले सामान घरंगळत असेल तर. अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा चालकाला जास्त सतावतो, कारण दूध वळणावर उशिरा आणि जोरात एका बाजूला येते. पेटीत आडवे कप्पे किंवा आवळायचे पट्टे हवेत ते यासाठी.

सांगाडा आणि हादरे

पेटी थेट गाडीला लावत नाहीत. मध्ये लोखंडी पाइप किंवा अँगलचा सांगाडा येतो, आणि मोडतो तो बहुधा हाच, वेल्डिंगच्या अगदी शेजारी. लांब, सडपातळ हात आणि टोकाला जड पेटी अशी रचना असली की तिची स्वतःची झुलण्याची गती मंद होते आणि इंजिनाच्या एखाद्या वेगाशी जुळते. त्या वेगावर पेटी दिसेल इतकी थरथरते आणि लोखंड थकते. हात आखूड ठेवणे, तिरकी टेकू-पट्टी देऊन त्रिकोण करणे आणि दोन्ही बाजूंचे सांगाडे नंबर प्लेटच्या मागून आडव्या पाइपने एकमेकांना जोडणे, हे तीन उपाय केले की गती वर जाते आणि थरथर संपते. खड्ड्यात आदळताना ओझे क्षणभर कित्येक पट जड होते, म्हणून हिशेब निदान तिप्पट वजनाचा धरावा. १० किलोच्या पेटीचा सांगाडा ३० किलोंना वाकता कामा नये.

पेटी सांगाड्याला चार ठिकाणी बोल्टने बसवावी. प्रत्येक बोल्टला रबरी बुश द्यावा, आत रुंद वॉशर आणि बाहेर नायलॉक नट. लहान वॉशर लाकडात रुततो आणि नट आपोआप ढिला होतो. बाजू भरीव फळीची असेल तर चारपैकी दोन भोके लांबट पाडावीत, म्हणजे फळी फुगली तरी बोल्टच्या आजूबाजूला सरकू शकते. बोल्ट आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस असावेत. सागवान आणि बाभळीतले तुरट द्रव्य ओल्या लोखंडाशी मिळून काळे पडते, खिळ्याभोवती दिसणारा शाईसारखा डाग तो हाच.

ऊन, पाणी आणि सायलेन्सर

पाणी लाकडात सर्वांत वेगाने शिरते ते आडव्या कापातून, म्हणजे नळ्यांच्या उघड्या तोंडांतून. प्लायच्या चारही कडा हा असाच उघडा भाग. बाहेरून तीन हात व्हार्निश मारून कडा आणि आतली बाजू कोरडी सोडलेल्या पेट्या पहिल्याच पावसात फुगतात. आधी कडांना इपॉक्सी किंवा पातळ केलेल्या व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत आणि मग सगळ्या बाजू, तळाच्या खालच्या अंगासह, रंगवाव्यात. फ्रेंच पॉलिश घरातल्या फर्निचरला शोभते, पण त्यातल्या लाखेवर पाणी पडले की पांढरे डाग उठतात. झाकणाला बाहेरून खाली उतरणारा ओठ आणि आत रबरी पट्टी दिली की पाणी थांबते. तरीही तळाला दोन बारीक भोके ठेवावीत, कारण आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायलाही वाट लागते.

सायलेन्सर बहुतेक मोटरसायकलींना उजवीकडे असतो. सतत तापणारे लाकूड आधी सुकते, मग तडकते, आणि वर्षानुवर्षे भाजत राहिले तर करपते. त्या बाजूची पेटी थोडी वर घ्यावी आणि सायलेन्सर व पेटी यांच्यात ॲल्युमिनियमचा पत्रा अशा बेताने लावावा की त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहील. लाकडाला चिकटवलेला पत्रा उष्णता अडवत नाही, पुढे ढकलतो.

नियम काय सांगतात

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल करू देत नाही. म्हणून चासीला वेल्डिंग न करता, मूळच्या बोल्टच्या जागा वापरून लावलेला आणि काढता येणारा सांगाडा हाच सरळ मार्ग. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीची मापे जाहीर केली. लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पेटी पिलियनच्या जागी असेल तर गाडीवर फक्त चालक बसू शकतो, त्या जागेच्या मागे असेल तर दुसऱ्यालाही मुभा आहे. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये, हे वेगळे सांगायला नको, पण बाजूच्या मोठ्या पेट्या नेमके इंडिकेटरच झाकतात.

नवे मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनीला त्याचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे व्हीआरडीई, हिचेही नाव आहे. तपासलेल्या नमुन्याची एकूण भाराची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते. १०० सीसी गटातल्या गाड्यांना ती चालक, पिलियन आणि सामान मिळून १३० किलोंच्या आसपास असते. ६५ किलोचा चालक आणि ५५ किलोची पिलियन बसली की उरतात फक्त दहा किलो. ९ मिलिमीटर प्लायच्या दोन रिकाम्या पेट्या सात किलोच्या, सांगाडा आणखी चार-पाच किलोचा. म्हणजे दोघांच्या प्रवासात, आत रुमालही न ठेवता, मर्यादा ओलांडली गेली. अशा गाडीवर एकच छोटी पेटी लावावी किंवा एकट्याने निघावे. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना मोकळीक जास्त असते, तरी पुस्तिका पाहूनच पेटीचे माप ठरवावे.

पहिल्या फेरीनंतर

नव्या पेटीचे बोल्ट पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण लाकूड वॉशरखाली थोडे दबते. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि तो संपल्यावर, तपासणी पुरते. आधीच्या तपासणीत कडांवरचा रंग कुठे उडाला आहे ते पाहून तेवढा भाग घासून पुन्हा रंगवावा. नंतरच्या तपासणीत तळाची भोके चिखलाने बुजली असतील तर मोकळी करावीत आणि सांगाड्याच्या वेल्डिंगवर बारीक चीर आहे का, ते बोटाने चाचपावे. झाकण पावसाळ्यात अडकू लागले तर लगेच रंधा मारू नये. दिवाळीपर्यंत थांबावे. लाकूड आकसून झाकण आपोआप मोकळे झाले तर काहीच करायला नको, आणि नाही झाले तरच कड उतरवून लगेच रंगवून टाकावी.